पारंपरिक म्हणे!

गार्चिंग, शनिवार, संध्याकाळी साडेसात

डोकं फिरलंय नुसतं. आज दुपारी इथल्या आमच्या जर्मन विद्यापीठाच्या फोक ग्रुपचा, म्हणजे लोकसंगीतवाल्यांचा, कार्यक्रम होता. शेवटच्या इंग्लिश लोकगीताआधी ग्रुपमधल्या लुकासने माइकवर काय सांगावं? "चाल पारंपरिक, वादनही पारंपरिक."

वादन कुठलं पारंपरिक? गिटारची जाड तार खालच्या सुरात उतरवायची, अंगठ्याने तिच्यावर ठेका धरायचा आणि बारीक तारांवर गाणं वाजवायचं, हे एका इंग्लिश गिटारवाल्याने बसवलं, आता म्हातारा झालाय तो. शब्द जुने, चाल जुनी, पण हात त्याचा. पुढच्या सगळ्या इंग्लिश फोकवाल्यांनी, अगदी ड्रम लावून रॉक करणाऱ्यांनीसुद्धा, तीच ढब उचलली. मीही पुण्यात त्याच्याच रेकॉर्डी ऐकून ऐकून शिकलो.

कार्यक्रमानंतर लुकासला धरलं, तर म्हणतो, "गेनाऊ! अगदी बरोबर! सगळेच तसं वाजवतात. आल्झो, म्हणजे पारंपरिकच झालं ना?" म्हणजे माणूस सगळ्यांच्या बोटांत उतरला, म्हणून त्याला पुसून टाकायचं? आणि जिवंत आहे तो अजून!

वर मलाच विचारतो, "स्टेजवर तुझा कान दुखत होता का?"

कान! गाणं सुरू करताना सवयीने माझा हात कानाला गेला होता. लहानपणी सतारीच्या क्लासात शिकवलेलं, गुरूचं नाव घेताना कानाची पाळी धरायची. लुकासला ते कुठून कळणार?

पण माइक माझ्याही पुढ्यात होता. मी कान धरला, आणि त्या म्हाताऱ्याचं नाव घेतलंच नाही.