नकाशातलं आटलेलं तळं

४ मार्च

गरुडानं आज पुन्हा माझा निम्मा दिवस खाल्ला. विभागप्रमुख झाले म्हणून काय! सगळं वरून बघतात, खाली कधी उतरत नाहीत, म्हणून गरुड. नाव मीच ठेवलंय आणि मला त्याचा अभिमान आहे.

निधीचा प्रस्ताव जायचाय. उपग्रहाच्या चित्रांवरून तळ्यातलं पाणी मोजायचं – कल्पना माझी, राबतेही मीच. समितीपुढे मांडणार कोण? गरुड! मला म्हणाले, "तुम्ही नकाशाचे रंग तेवढे बघा." मी काय रंगारी आहे?

९ मार्च

त्यांचा नकाशा पाहिला. शहराला पाणी पुरवणारं तळं वर्षात निम्मं आटलं म्हणे. निळं एवढंसं, बाकी सगळं शेतासारखं हिरवं. काहीतरी खटकतंय.

१० मार्च

तळ्यावर जाऊन आले. काठोकाठ भरलंय! वर नुसती जलपर्णी. होडीवाल्यानं पानांतून वल्हं खाली घातलं ते थेट मुठीपर्यंत गेलं. उपग्रहाला उघडं पाणी तेवढंच पाणी वाटतं, वर पानं पसरली की त्याच्या लेखी ती जमीन. पहिल्या वर्षाची पोरंसुद्धा ही चूक करत नाहीत. गरुडानं केली! मी इतकी हसले की होडीवाला म्हणाला, "बाई, धरून बसा, पडाल."

सांगणार नाही. समितीत एखादा तरी जाणकार असेलच. आपटू दे भर सभेत.

११ मार्च

जिभेवर आलं होतं. तेवढ्यात म्हणाले, "रंग छान जमलेत हं." गिळलं.

१८ मार्च

समितीची बैठक. मी मागच्या रांगेत. पडद्यावर नकाशा आला. आता कुणीतरी विचारणार, हे हिरवं काय आहे? अध्यक्ष चष्मा वर करून पुढे झुकले. म्हणाले, "भयंकर आहे हो! इतकं आटलं?"

कपाळ माझं! मागितला त्याहून जास्त निधी मंजूर. पाणीपुरवठा खात्याच्या बाई तर नकाशाची प्रत मागून घेऊन गेल्या. माठ. एकजात माठ.

१९ मार्च

आईनं विचारलं, "तोंड का असं?" म्हटलं, "साहेबांचं कौतुक झालं." ती म्हणाली, "तुला खोटं बोलता येत नाही ना, म्हणून तू मागे राहतेस."

जेवण गेलं नाही.

२१ मार्च

शेवटी गेलेच. तळ्याचे फोटो त्यांच्या टेबलावर आपटले. "ही जलपर्णी आहे, सर. तळं भरलेलं आहे."

फोटोंकडे बघितलंसुद्धा नाही. चहा ढवळत म्हणाले, "मला माहीत आहे."

मी फोटो उचलून पुन्हा त्यांच्यापुढे धरले.

"पाल्याला कोण निधी देतं हो? आटणाऱ्या तळ्याला देतात." मग मंजुरीचा कागद पुढे सरकवला. प्रकल्पप्रमुख म्हणून माझं नाव! माझं! "तुम्ही तळ्यावर जाऊन आलात ते होडीवाल्यानं सांगितलं मला. म्हटलं, बघू काय करतात. तुम्ही बैठकीतही गप्प बसलात. मग ही जागा दुसऱ्या कुणाला देणार?"

हलकट माणूस! नीच! फाडून तोंडावर फेकायला हवा होता कागद. तो हातात घेऊनच बाहेर आले.

२५ मार्च

सही केली.

स्वतःची खोली मिळेल, हाताखाली माणसं मिळतील, गरुडाचे रंग भरत बसायला नको. तळ्याचं काय, सुधारित नकाशा काढता येईल. योग्य वेळ बघून. मी काही त्यांच्यासारखी नाही.

२ एप्रिल

आजपासून शहरात पाणी एक दिवसाआड. आई सकाळपासून भरतेय – बादल्या, पातेली, माझा शाळेतला डबासुद्धा. मध्येच थांबून म्हणाली, "शेजारीण म्हणते, तळं भरलेलं आहे, उगाच छळतायत आपल्याला. मी म्हटलं, थांब, माझ्या मुलीला विचारून सांगते."

"आटलंय, आई," मी म्हटलं.