वलीच्या खडकापाशी घेतलेलं नाव

रुवी, मस्कत
२४ जानेवारी २०२५, शुक्रवार

प्रिय कुबरा आपा,

अस्सलामु अलैकुम. तब्येत कशी आहे हे काल फोनवर विचारलंच, तरी पुन्हा विचारते. ऑपरेशन होईपर्यंत लोणच्याच्या बरणीला हात लावू नकोस, मी ओळखते तुला. इथे आम्ही बरे. ताबिशच्या गुडघ्याची कुरकुर चालू आहे. ती ऐकू आली की नवरा घरात आहे एवढं कळतं.

फोन असताना पत्र कसलं, म्हणशील. अगं, फोनवर तू रडायला लागतेस आणि मग मी खोटं बोलते. तसं एकदा झालंय.

मागच्या गुरुवारी वलीच्या खडकाला गेलो, ते सांगितलं होतं. तू इथे राहत होतीस तेव्हा इब्रा गावाच्या पुढे धड वाट नव्हती. आता ते सगळं राष्ट्रीय उद्यान झालंय. फाटकावरच्या पहारेकऱ्याने बजावलं: वलीच्या कबरीजवळ चूल पेटवायची नाही, झाडाला धागा बांधायचा नाही, कचरा परत न्यायचा. तंबूचा खुंटा ठोकताना ताबिशने स्वतःचाच अंगठा ठोकला आणि अमरीन हसून हसून वाळूत बसली. हे सगळं खरं.

मन्नत फेडली, हे मात्र खोटं.

तेरा वर्षांपूर्वी तुझी चाळीस दिवसांची पोर न्युमोनियाने निळी पडली, तेव्हा त्या खडकाला हात लावून तू बोललीस: जगली तर तिला इथे आणीन, एक रात्र काढीन, सकाळी तिचं नाव घेऊन दुआ मागीन. ती जगली. तू गावी परत जाताना तिला माझ्या ओटीत घातलंस, असं सगळे म्हणतात. तू कुठे घातलंस? मी मागितली. दुलाभाई नुकते वारले होते, तू एकटी पडली होतीस, नाही म्हणायचं त्राण तुझ्यात नव्हतं, आणि ते मला दिसत होतं. तरी मागितली. अमरीनला मात्र मी अम्मी आणि तू तिची मावशी, खाला, एवढंच ठाऊक होतं.

जाताना गाडीत अमरीनने विचारलं, "अम्मी, दुआमध्ये पप्पाचं नाव नाय घेत? ओन्ली आईचं?" तिचं मराठी तुला ठाऊकच आहे. आपली अम्मा सांगायची तेच मी सांगितलं, की आई कोण याबद्दल कधी चूक होत नाही, म्हणून माणसाचं नाव आईच्या नावासकट घ्यायचं. ताबिशने रेडिओचा आवाज वाढवला.

पहाटेची फजरची नमाज झाली. खडकावर ऊन यायला लागलं. अमरीन माझ्या शेजारी, डोक्यावर ओढणी, हात पसरलेले. म्हणायचं होतं, 'अमरीन, कुबराची लेक.' आपा, मी म्हटलं, 'अमरीन, मुनिबाची लेक.' जीभ घसरली नाही, ठरवून म्हटलं. वर तिच्याकडून आमीनही म्हणवून घेतलं. तोबा!

मग तुला फोन केला. तू रडत रडत म्हणालीस, "आता मी बिनघोर ऑपरेशनला जाते."

परवा अमरीनला समोर बसवून सगळं सांगितलं. ती रडली नाही. "मग तू कोण?" एवढंच म्हणाली आणि दार लावून घेतलं. संध्याकाळी आपणहून बाहेर आली, दोन घास खाल्ले, मग विचारलं, "खालाला मी नको होते?"

मी म्हटलं, "हवी होतीस. मीच तुला मागून घेतलं."

हे पत्र देऊन तुझ्यासमोर उभी आहे ती तीच. ताबिश तिला दारापर्यंत सोडून बाहेर थांबेल. मी मुद्दाम आले नाही. मी तिथे असले तर तुला आई म्हणून हाक मारण्याआधी ती माझ्याकडे बघेल, आणि मी मान हलवून तिला हो म्हणेन याचा मला भरवसा नाही. दुआ तूच माग, आपा. बरी झालीस की ये, खडकाला तुम्ही दोघी जा. मी उद्यानाच्या फाटकापाशी थांबेन.

परतीचं तिकीट काढलंय, ते तिच्याच हातात दिलंय. वापरच, असं सांगितलेलं नाही. तिला ठेवून घ्यावंसं वाटलं तर तिला विचार, आणि ती काय म्हणते ते नीट ऐक. मी तुझं ऐकलं नव्हतं.

तुझी धाकटी बहीण,
अमरीनची खाला, आणि ती म्हणेल तोवर अम्मी,
मुनिबा