पहिली आठ पाने

अहमदनगर, ३ फेब्रुवारी १९७२

सौ. चांगुणा हीस आशीर्वाद.

मी खुशाल आहे. छापखाना मात्र मूर्खांचा आहे. त्यांच्याजवळ अक्षरांचे शिशाचे खिळे जेमतेम आठ पानांपुरते. तू उतरवून दिलेल्या प्रतीवरून माझ्या ग्रंथाची पहिली आठ पाने जुळवून झाली होती. मुद्रिते चौथ्यांदा तपासून तुझ्या प्रतीवरही दुरुस्त्या करण्यास मी चार दिवस घेतले, तोवर या अडाण्यांनी ती पाने मोडून सारे खिळे लग्नपत्रिकांना लावले!

जाब विचारताच खिळे जुळवणारा सहादेव म्हणतो, "सर, लगीन थांबत न्हाई. अन् बाईंचं अक्षर लई झाक हाय, तुमच्या दुरुस्त्यांनी त्याचं मातेरं केलंय. ह्या कागदांवरून आमी पुन्हा जुळवनार न्हाई." उद्धटपणाची परिसीमा!

तुझे डोळे अजून दुखतात काय? ती आठ पाने पुन्हा लिहून पाठव. त्यांवर मी लेखणी टेकवणार नाही.

कानिफनाथ