बिना ऊन के

५ मे, अमरावती
पेपर तपासून संपले. पलंगावर सगळं मांडलं. थर्मल, जाड मोजे, विंडचीटर, डोक्याला लावायचा टॉर्च. कूलरसमोर बसून थर्मल चढवलं, लगेच उतरवलं. या उन्हात घालून पाहणं शक्य नाही. मापावर विश्वास.
अकोल्याला ताईला फोन. तिचं निम्मं सामान आलंय. भाऊजी मागून बोलत होते: "तिकडं काय हाय? थंडीच नं? मंग फ्रीज उघडून बस."
चौदा हजार फुटांवरच्या ट्रेकचं हे खूळ तिचंच. बर्फ हातात घेऊन पाहायचाय म्हणाली होती. तिच्या लग्नानंतर आम्ही दोघीच कुठे गेलो नाही. मी एकटी गेले नसते.

८ मे
ताई सॅकमध्ये तूरडाळ भरून अपार्टमेंटचा जिना चढते. भाऊजी तिला हमाल म्हणतात. डॉक्टरांनी तपासलं, सगळं ठीक.
इथे आभाळ. उकाडा तसाच.

११ मे
सॅक जड. दोन पुस्तकं काढली. एक परत घातलं. पुन्हा काढलं.

१३ मे, अकोला
ताईची सॅक भरायला आले, तर कपडे कपाटात, डाळ डब्यात. ट्रेक रद्द म्हणाली. काल डेहराडूनच्या गाईडचा फोन होता.
"बिना ऊन के मत आना, म्हने तो. अन् आठ दिवसापासून इथं ऊनच नाही. मंग कायले जाऊन राहिलो आपन?"
मी हसले. ऊन म्हणजे लोकर, समजावलं. लोकरीचे कपडे घेतल्याशिवाय येऊ नका, असं सांगत होता तो.
"असं व्हय का," एवढंच म्हणाली. भाऊजींना हसू आवरेना. शेजारी जाऊन सांगून आले.
सॅक मी भरली. ती एकेक वस्तू हातात देत होती.

१४ मे, अमरावती
परतताना बसमध्ये सुचलं. अकोल्यात जन्म गेलाय तिचा. रिक्षा, बाजार, मालिका, सगळं हिंदीत. हिवाळ्यात स्वेटर विकायला येणाऱ्या तिबेटी बायांशी दरवर्षी वाद घालते, ऊन असली की नकली.
आणि मी तिला शब्दाचा अर्थ सांगितला. मराठीची प्राध्यापक.

१५ मे
फोन केला. तो शब्द काढला नाही. जिना कसा चाललाय विचारलं. बंद केलाय.
"भीती वाटते का?"
"वाटते नं. यायले नोको सांगू."
मग राहू दे, म्हणणार होते. तिने बोलू दिलं नाही.
"नोको येऊ असं म्हनशीन तं मी खरंच येनार नाही."
"मग ये म्हणू?"
"तसंबी नोको म्हनू."
मग कैरीच्या लोणच्याबद्दल बोललो.

१६ मे
आज फोन केला नाही. तिचाही आला नाही. नखं कापली. बूट घालून घरात फिरले.

१७ मे, बडनेरा स्टेशन
ताई अकोल्याला चढणार, मी इथे, पुढे नागपूरला गाडी बदलायची, असं ठरलेलं. गाडी अकोल्याहून सुटलीय. तिचा फोन लागत नाही.
भाऊजींना लावला. ते पहाटेपासून हिवरखेडला, शेतात. निघताना ती झोपलेली होती. त्यांनी शेजारणीला विचारून मला उलट फोन केला. घराला कुलूप आहे.
"देवळात गेली असंन, नाहीतं गाडीत असंन," म्हणाले. हसले नाहीत. मग म्हणाले, "गाडीत असंन तं मले फोन लावजो."
डबा पुढे येतो म्हणतात. पुढे येऊन उभी आहे. सॅक पाठीवर, वही हातात. सिग्नल पडलाय. ती दारात नसली तर मी चढायचं की