दादाला दाखवायचा कार्यक्रम

अंकुश,

कंटेनर यार्डातून सुट्टी मिळाली नाही, मी जासईला कामावर निघाले. आईच्या वर्षाच्या कार्यक्रमाचं लाइव्ह तुलाच करावं लागेल. दोहाला दादाला लिंक पाठवली आहे, फक्त त्यालाच. 'बघतो' म्हणालाय.

मोबाइल चार्ज केलाय. पॉवर बँक आईच्या फोटोमागे आहे. लाइट गेली तर वायफाय जाईल, तेव्हा मोबाइलचा डेटा चालू कर; आप्पांनी स्वतः जाऊन रिचार्ज मारून आणलंय. भन्तेजी वंदना घेतील तेव्हा पंखा बंद ठेव, नाहीतर नुसती घरघर ऐकू येते. मध्येच कुणाचा फोन आला की लाइव्ह तुटतं, म्हणून इनकमिंग बंद करून ठेवलंय.

आप्पा तुझ्या शेजारीच बसतील आणि किती जण बघताहेत त्या आकड्यावरच डोळे लावून राहतील. आईला नेलं त्या दिवशीच्या लाइव्हला तो आकडा शेवटपर्यंत शून्य होता. नेट गेलं होतं, असं मी आप्पांना सांगितलं. तेव्हापासून ते नेटवाल्याला शिव्या घालताहेत, दादाबद्दल वाकडा शब्द काढत नाहीत.

आज वंदना संपत आली तरी आकडा शून्यच असेल, तर गुपचूप नेट बंद कर. दादाला फोन लावत बसू नकोस, तो उचलणार नाही. आप्पा हॉटस्पॉट मागायला शेजारी जातील. जाऊ दे त्यांना. शर्मिलाताईंना मी सांगून ठेवलंय. त्या म्हणतील, आमचंही गेलंय.

अक्षता