अर्जातलं कारण

प्रिय घरधनिणीस,

रीतीप्रमाणे आशीर्वाद मी द्यायचे, पण या खेपेला ते तूच दे.

मी ठणठणीत आहे. जेवण वेळेवर मिळतं. शेजारच्या खाटेवरचे मास्तर दिवसभर भिंतीशी भांडतात. बाकी बोलायला कुणी नाही.

मला इथे दाखल करताना तू अर्जात कारण लिहिलंस, 'झोप लागत नाही.' माझी अब्रू राखलीस. मी मात्र डॉक्टरांना खरं सांगून टाकलं. कुलपं दुरुस्त करणारा माणूस मी, आणि पोरीला परीक्षेला सोडायला निघालो तर आपल्याच दाराचं कुलूप ओढून बघायला कोपऱ्यावरून अकरा वेळा मागे फिरलो. तिचा पेपर बुडाला. ती रडलीसुद्धा नाही गं, नुसती पायरीवर बसून राहिली.

ती माझ्याबद्दल विचारते का? खरं लिही.

इथलं कुलूप बाहेरून लागतं. ते तपासणं माझ्याकडे नाही, म्हणून झोप लागते. पण जाग आली की घर आठवतं.

तुझाच,
दारापाशी घुटमळणारा

ता.क. डॉक्टरांनी बजावलंय, पाकीट एकदा चिकटवलं की पुन्हा उघडायचं नाही. तुला चिकटपट्टीचे चार थर दिसतील. पोरीला मात्र एकच होता म्हणून सांग.