हिरवी गाडी, रामवाडीचे घर आणि भावाला काही नाही

मी, रोहिणी नारायण मोकल, वय त्रेसष्ट, अविवाहित, धाटाव येथील एका रासायनिक कंपनीच्या प्रयोगशाळेतून निवृत्त, राहणार रामवाडी, पेण, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हे वाक्य सगळेच लिहितात. माझ्या बाबतीत त्यावर वाद झालेला असल्याने डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही आणि गोड बोलून कोणी हे लिहून घेतलेले नाही. गोड बोलून माझी सही घेण्याचा प्रकार पूर्वी एकदा झाला, त्याची हकीकत खाली येईल. सन २०१२ च्या मृत्युपत्रात मी सर्व काही माझा धाकटा भाऊ जितेश यास दिले होते. ते मृत्युपत्र मी रद्द करते.

१. रामवाडी येथील दुमजली घर व अंगणातील पत्र्याची शेड ही माझ्या पगारातून झालेली मिळकत आहे. जिते या गावातील वडिलांच्या घरातला माझा हिस्सा मी हक्कसोड करून जितेशला दिला होता. त्याने ते घर विकले आणि २०११ मध्ये पत्नी अनिता व मुलगा ऋत्विक यांच्यासह माझ्या तळमजल्यावर दोन महिन्यांसाठी राहायला आला. ते दोन महिने अजून संपलेले नाहीत.

२. माझी दुसरी मिळकत म्हणजे शेडमधली गाडी. दोन दारांची, दोन सीटची, कापडी टपाची जपानी स्पोर्ट्स गाडी, रंग गडद हिरवा. २००१ साली आमच्या प्लँट मॅनेजरची परदेशी बदली झाली आणि त्यांनी कँटीनबाहेर गाडी विकण्याची नोटीस लावली. मी ती वाचत असताना मागून कोणीतरी म्हणाले, "मोकलबाई, स्कूटी नाय ती." मी वळून पाहिले नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन गाडी घेतली आणि त्यानंतर चालवायला शिकले. पावसाळ्याचे महिने सोडले तर एकोणीस वर्षे मी याच गाडीने पेणहून धाटावला कामावर गेले आणि परत आले. आज तिच्या मीटरवर चार लाख सव्वीस हजार किलोमीटर आहेत. मला बघायला आलेल्या एका स्थळाने आधी गाडी विका, मग बोलू, असे कळवले. त्यांना मी उत्तर पाठवले नाही, ते येथे देते: नाही.

३. महामार्गालगत गॅरेज असलेले इद्रीस मुकादम यांनी या गाडीचे इंजिन दोनदा उघडले आहे. पहिल्यांदा वाकणजवळ इंजिनमधली हेड गॅस्केट उडून गाडी वाफ सोडत थांबली तेव्हा; दुसऱ्यांदाची हकीकत पुढे आहे. त्याआधी पेणमधल्या दुसऱ्या एका मेकॅनिकने तीन महिने तिच्यात नुसते पाणी ओतून "बाईमाणसाला काय कळतंय" म्हणून मला परत पाठवले होते. तो मनुष्य वारला. मी त्याच्या दहाव्याला गेले नाही.

४. सप्टेंबर २०२४ मध्ये माझ्या दोन्ही गुडघ्यांचे ऑपरेशन झाले. तिसऱ्या दिवशी जितेश हॉस्पिटलात कागदांचा गठ्ठा घेऊन आला. म्हणाला, "ताई, इन्शुरन्सचे कागद हायत. इथं, इथं आणि इथं सही कर." मला गुंगी होती. त्यातला एक कागद गाडी भंगारात दिल्याचा होता. जितेशला शेड गणपतीच्या कारखान्याला भाड्याने द्यायची होती, आणि गाडी शेडमध्ये होती.

गाडी टेम्पोवर चढवून नेली त्याच दुपारी अनिताने इद्रीसला फोन केला. ही गोष्ट जितेशला आजवर माहीत नाही. भंगारवाल्याच्या माणसाकडून बातमी फुटली, असे तो समजतो. अनिताने मला सांगितले, "ताई, तुमच्या कागदात लिवा, फोन मी केलेला." मी विचारले, मी असताना सांगायचे की नंतर. ती म्हणाली, "मी सांगेन तवा सांगेन. पण कुठंतरी लिवलेलं असू दे." म्हणून लिहिले.

गाडी कोणत्या यार्डात गेली हे शोधायला इद्रीसला दोन दिवस लागले. तो पनवेलच्या बाजूला पोचला तेव्हा टप फाडलेला होता आणि इंजिन खाली उतरवलेले होते. भंगारवाला म्हणाला, "कागद हाय माझ्याकडे." इद्रीसने मला फोन लावून त्याच्या हातात दिला. मी पलंगावरून सांगितले, "सही माझी आहे, विक्री माझी नाही. मी ऑपरेशन होऊन पडले आहे आणि सही कोणत्या दिवशी घेतली ते डॉक्टर सांगतील. गाडी आज परत येईल की पोलीस तिकडे येतील?" भंगारवाला म्हणाला, "आपल्याला लफडं नको." गाडी दोन खेपांत परत आली. पहिल्या खेपेत सांगाडा, दुसऱ्या खेपेत इंजिन आणि गोणीत भरलेले नटबोल्ट.

५. मी घरी आल्यावर जितेशने माफी मागितली नाही. तो गल्लीत सांगू लागला की ताईचं डोकं फिरलंय, गाडीशी बोलते. मग एका सकाळी तो डॉ. समीक्षा ठाकूर यांना घेऊन वर आला. घरी तपासून लेखी दाखला द्या, अशी त्याची मागणी होती.

डॉक्टरांनी मला शंभरातून सात वजा करत जायला सांगितले. मी दोनपर्यंत गेले. मग त्यांनी विचारले, "तुम्ही गाडीशी बोलता का?"

"बोलते."

"काय बोलता?"

"उष्णतेचा काटा वर आला नाही तोवर तुला पळवणार नाही, असं सांगते. थंड इंजिन पळवलं की आतून झिजतं."

जितेश म्हणाला, "बघा."

डॉक्टरांनी त्याच्याकडे न बघता मला विचारले, "गाडी विकायच्या कागदावर तुम्ही वाचून सही केली होती?"

"नाही. ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी याने करून घेतली."

त्यांनी तिथेच बसून दाखला लिहिला, जितेशच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "मोठ्याने वाचा." तो दाखला माझ्या पलंगावर टाकून खाली गेला. सोबत जोडलेला दाखला तोच आहे.

६. गाडी शेडमध्येच पुन्हा उभी करायला बारा महिने लागले. मी स्टुलावर बसून सुट्या भागांची यादी करायचे आणि इद्रीस बसवायचा. पिस्टनच्या रिंगा मुंबईहून आल्या, चाकांच्या सांध्यातले बुश पेणच्या लेथवाल्याने करून दिले, खालचा गंजलेला पत्रा कापून नवा लावला. टप इद्रीसच्या पत्नी रहिमा यांनी घरच्या मशीनवर तीन वेळा उसवून शिवला, कारण दोनदा तो मागच्या काचेपाशी गळला.

अनिता रोज दुपारी डबा घेऊन यायची. एक दिवस ब्रेकमधली हवा काढायला माणूस कमी पडला तेव्हा इद्रीस तिला म्हणाला, "भाभी, बसा आत. मी 'दाब' म्हटलं की पेडल दाबा, 'धर' म्हटलं की सोडू नका." ती बसली. त्यानंतर ती डबा ठेवून लगेच परत जाईनाशी झाली. तिने लायसन्स काढले. जितेशला वाटले ती शिवणक्लासला जाते.

गेल्या महिन्यात आम्ही दोघी गाडीने रोह्याला गेलो. येताना वाकणला मी थांबवली आणि उतरून डाव्या बाजूला गेले. अनिता म्हणाली, "माझ्याच्यानं नाय होणार." मी म्हटले, "माझे गुडघे दुखतायत, तूच ने." गुडघे दुखत नव्हते. नागोठण्यापर्यंत तिने तिसरा गिअर सोडला नाही. पुढे एका ट्रकला मागे टाकल्यावर हसू लागली आणि पेण येईपर्यंत मधूनमधून हसत राहिली.

जितेश फाटकात उभा होता. त्याने विचारले, "तुला कुणी सांगितलं चालवायला?"

अनिता म्हणाली, "गाडी आत घ्यायचीय. बाजूला व्हा."

तो बाजूला झाला.

७. सबब, माझ्या पश्चात रामवाडीचे घर, शेड, गाडी व बँकेतील ठेवी यांची संपूर्ण मालक अनिता जितेश मोकल राहील. जितेशला त्या घरात राहण्याचा हक्क नाही. अनिताची परवानगी असेल तोवर तो राहू शकतो आणि ती परवानगी केव्हाही काढून घेता येईल.

८. गाडी विकावी असे अनिताला वाटले तर विकावी. मी तिला बांधून ठेवत नाही. ठेवली तर मात्र नीट ठेवावी. दर रविवारी, इंजिन थंड असताना, सपाट जागेवर ऑइल बघावे. हजार किलोमीटरला गाडी अर्धा लिटर ऑइल पिते, हा आजार नाही, वय आहे. रेडिएटरमध्ये नळाचे पाणी घालू नये. दर ऐंशी हजार किलोमीटरला इंजिनातला टायमिंग बेल्ट बदलावा, चांगला दिसत असला तरी. पावसाळ्यापूर्वी टपाखालची पाणी जायची दोन भोके तारेने मोकळी करावीत, नाहीतर पाणी सीटखाली साचते. आवाज बदलला तर त्याच दिवशी इद्रीसकडे जावे. मी एकदा आठवडाभर दुर्लक्ष केले आणि क्लच घालवला.

९. नटबोल्ट फिरवायचे माझे सर्व पाने, टॉर्क पाना, दोन जॅक आणि माझ्या हस्ताक्षरातली सर्व्हिसची वही इद्रीस मुकादम यांना द्यावी. रहिमा यांना माझ्या सोन्याच्या दोन बांगड्या.

१०. ऋत्विक सव्वीस वर्षांचा आहे. त्याने शेडमधल्या उघड्या इंजिनाचा व्हिडिओ काढून "आत्याचं भंगार" असे लिहून नेटवर टाकला. सहा हजार लोकांना तो आवडला. ऋत्विकला काय द्यायचे ते त्या सहा हजारांनी द्यावे.

११. जितेशला मी काहीही देत नाही. विसरून नव्हे, आठवून. तो कोर्टात गेल्यास हे मृत्युपत्र पहिल्या ओळीपासून वाचून दाखवावे. माझ्या प्रेताला अग्नी अनिताने द्यावा. जितेशने आल्यास मागे उभे राहावे आणि भाषण करू नये.

१२. या मृत्युपत्राची अंमलबजावणी प्रयोगशाळेत बावीस वर्षे माझ्या शेजारच्या टेबलावर काम केलेल्या शांती गावंड यांनी करावी. त्यांना कोणी दटावू शकत नाही; मी प्रयत्न करून पाहिला आहे.

१३. काल जितेश, गाडी परत आल्यापासून पहिल्यांदाच, शेडमध्ये आला. गाडीच्या दारावर हात ठेवून बराच वेळ उभा होता. म्हणाला, "ताई, एकदा रोह्यापर्यंत घेऊन चल की." मी म्हटले, आता गाडी अनिता चालवते, तिला विचार. तो न विचारता निघून गेला. डावी सीट रिकामी असते. तिला विचारायची हिंमत त्याला झाली तर हो म्हणायचे की नाही, हे अनिताने ठरवावे. त्याबाबत माझी काही सूचना नाही.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, पुन्हा वाचला आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर व एकमेकींसमोर सह्या केल्या. दोघींना या मिळकतीतून काही मिळणार नाही, हे त्यांना माहीत आहे.

सही: रोहिणी नारायण मोकल

साक्षीदार:
१. डॉ. समीक्षा ठाकूर, पेण. सही करणार पूर्ण शुद्धीत असल्याची मी आज पुन्हा खात्री केली आहे.
२. शांती गावंड, रोहा.

ठिकाण: पेण
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५